गॅस वर जात नाही भावा, जाळी खाली पाहिजे

गेल्या रविवारी मेव्हण्याच्या नव्या हॉटेलात गेलो होतो. हॉटेल अजून चालू व्हायचंय, दसऱ्याच्या आत करायचं म्हणून त्याची धावपळ चाललीय, पण भटारखाना तयार झालाय म्हणून स्वयंपाकाच्या मावशींनी ट्रायलला तांबडा-पांढरा टाकला होता आणि घरच्या सगळ्यांना जेवायला बोलवलं होतं. जागा पंचगंगेच्या अंगाला, जुन्या वाड्याचा तळमजला, रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली. आत शिरलो तर मस्त वास, खोबरं भाजल्याचा, मसाल्याचा, आणि त्या सगळ्याच्या खालनं एक बारीकसा गॅसचा वास. कुणाच्याच लक्षात नव्हता. मी बायकोला म्हणलं तुला येतोय का, ती म्हणली भांडी घासायच्या मोरीचा असंल.

मी वीस-बावीस वर्षं शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, मेंटेनन्समध्ये काढली आणि आता सेफ्टीचं काम बघतो, त्यामुळं हा वास आला की मला जेवण जात नाही. मेव्हण्याला म्हणलं आधी शेगड्या बंद कर आणि सिलेंडर कुठं ठेवलेत ते दाखव. जिन्याखालच्या कोपऱ्यात, दाराआड, १९ किलोचे चार. एका रेग्युलेटरच्या वॉशरमधनं अगदी हळू सुटत होता, साबणाचं पाणी लावलं तर मोहरीएवढे बुडबुडे. व्हॉल्व्ह बंद केला, मागचं-पुढचं दार सताड उघडलं, मावशींना सांगितलं लाईटचं एकही बटण दाबायचं नाही, आहे तसं राहू दे, आणि सगळ्यांना अर्धा तास बाहेर कट्ट्यावर बसवलं.

मेव्हणा जरा नाराज झाला. म्हणाला, "दाजी, एवढा मोठा एक्झॉस्ट बसवलाय की वर. अठरा इंची हाय. चालू केला की सगळा वास खेचतोय, मग काय प्रॉब्लेम?"

त्याचं हे वाक्य मी कोल्हापुरात किती ठिकाणी ऐकलंय त्याला हिशोब नाही, म्हणून आज हे सविस्तर लिहायला बसलोय, कारण ज्यांच्या घरात, हॉटेलात, वर्कशॉपला सिलेंडर आहे त्या सगळ्यांचा हा विषय आहे.

एलपीजी हवेपेक्षा जड आहे. त्यात प्रोपेन आणि ब्युटेन असतात, प्रोपेन हवेच्या दीडपट जड आणि ब्युटेन दुप्पट. म्हणजे गळाला की तो पाण्यासारखा खाली उतरतो, फरशीवर पसरतो, उतार बघून जातो, मोरीत शिरतो, गटारीच्या चेंबरमध्ये जाऊन बसतो. छताजवळच्या एक्झॉस्टला तो दिसतसुद्धा नाही असं म्हणलं तरी चालेल. तो पंखा वाफ, धूर, फोडणीचा ठसका यासाठी ठीक आहे कारण ते गरम असतंय आणि वर जातंय. गळलेला गॅस थंड, तो तुमच्या घोट्याशी असतो. आणि नाक असतंय पाच फुटांवर. मावशी उभ्या राहून रस्सा ढवळत होत्या त्यांना वास नाही आला, आणि आमची धाकटी खाली बसून मांजराशी खेळत होती ती मात्र "घाण वास येतोय" म्हणून दोनदा सांगून गेली होती, तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

किती गॅस लागतो स्फोटाला, हे बहुतेकांना माहीतच नसतं. लोकांना वाटतं अख्खा सिलेंडर रिकामा झाला तर भीती. मी तिथंच कट्ट्यावर मेव्हण्याला हिशोब करून दाखवला. एलपीजी हवेत साधारण २ टक्क्याला पेटायच्या लायकीचा होतो आणि ९-साडेनऊ टक्क्यापर्यंत पेटू शकतो. त्याचा भटारखाना १२ बाय १५, उंची १० फूट, म्हणजे १८०० घनफूट, मीटरात साधारण ५१ घनमीटर. त्याचे २ टक्के म्हणजे १ घनमीटर गॅस. एक किलो एलपीजीचा वायू झाला की अर्धा घनमीटर होतो. म्हणजे सगळी खोली पेटण्यालायक व्हायला फक्त २ किलो पुरे, १९ किलोच्या सिलेंडरमधले दोन. पण तो सगळ्या खोलीत सारखा पसरत नाही हे आत्ताच सांगितलं. तो खालच्या एक फुटाच्या थरात साठला तर २०० ग्रॅम बास. २०० ग्रॅम! एका वॉशरच्या गळतीतनं रात्रभरात जाईल एवढा. आणि खालीच फ्रिज, डीप फ्रीझर, मिक्सरचं सॉकेट. फ्रिजचा थर्मोस्टॅट स्वतःहून चालू-बंद होतो, त्याला कुणी बटण दाबायला लागत नाही.

मेव्हणा गप्प झाला. मग म्हणाला, "मग काय करायचं?"

म्हणलं खालच्या जाळ्या कुठायत? जुन्या वाड्यांना असतात, फरशीला लागून झरोके. मागच्या बोळाच्या अंगाला जमीन उतरती आहे, तिथं भटारखान्याची फरशी बाहेरच्या जमिनीपेक्षा वर येते, म्हणजे तिथं जाळी असणारच. गुडघ्यावर बसून पिठाची पोती सरकवली तर सापडल्या, दोन, पण विटा-सिमेंटनं गच्च बुजवलेल्या. घरमालकांना विचारलं तर म्हणाले, २०१९ च्या महापुरात तिथनंच पाणी आत आलं, परत २०२१ ला आलं, म्हणून बुजवून टाकल्या, शिवाय घुशी येत होत्या.

मला त्यांचा राग नाही आला. ज्यांनी घरात छातीएवढं पाणी बघितलंय त्यांनी खालचं भोक बुजवणं साहजिकच आहे. पण हेच आपल्या शहरात पुराच्या पट्ट्यात बऱ्याच घरांत झालंय असं मला वाटतं, पाण्याला अडवायला केलेला बंदोबस्त गॅसला कोंडून ठेवतो आणि त्याच खोलीत नंतर कुणीतरी खानावळ काढतो. तुमच्या घरी असं काही बुजवलं असेल तर कृपा करून एकदा जाऊन बघा.

आता मला हे एवढं का टोचतं ते सांगतो.

पंधराएक वर्षांपूर्वी मी एका फौंड्रीत होतो, नाव सांगत नाही. तिथं लॅडल, म्हणजे वितळलेलं लोखंड न्यायचं भांडं, गरम करायला एलपीजीचा बर्नर आणि लॅडल ठेवायला जमिनीत खड्डा, छातीएवढा खोल, वरनं पूर्ण उघडा. शेड तीस फूट उंच, दोन्ही अंगांनी मोकळी, वारा भरपूर. त्या खड्ड्याला कुणी बंदिस्त जागा म्हणायला तयार नव्हतं, मीसुद्धा नाही. सुट्टीच्या दिवशी बर्नरच्या होजमधनं गॅस गळत राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-दहा फुटांवर एकजण ग्राइंडर मारत होता, त्याची ठिणगी घरंगळत खड्ड्याच्या काठावर आली. मोठा आवाज वगैरे नाही झाला. नुसता एक भप्प, निळसर पिवळा, खड्ड्यातनं वर आला आणि विझला. दोन सेकंदसुद्धा नाही. काठावर आमचा एक हेल्पर उभा होता, स्लॅग (वितळलेल्या लोखंडाची मळी) काढायला आत उतरायच्या तयारीत, एक पाय शिडीवर. दोन्ही पाय मांडीपर्यंत भाजले. त्याच्या पँटचं टेरिकॉट कातडीला चिकटलं होतं आणि आम्ही तिघंजण पाणी ओतत होतो, तो ओरडत नव्हता, नुसता "मिस्त्री, काय झालं, मिस्त्री काय झालं" म्हणत होता. वाचला. पण अर्धा मिनिट उशिरा ठिणगी आली असती तर तो आत असता.

वरनं उघडं आहे म्हणून हवा खेळती आहे, हे त्या दिवसापासून मी मान्य करत नाही. विहीर उघडीच असते, पण बादली आत सोडल्याशिवाय पाणी वर येत नाही, तसंच जड गॅसचं.

त्यानंतर कंपनीनं गॅस डिटेक्टर, म्हणजे हवेतला गॅस मोजायचा मीटर, घेतला. पाच-सहा महिन्यांनी दुसऱ्या एका खड्ड्यापाशी वास येतोय म्हणून सांगायला आले, तर मी मीटरला सुतळी बांधली आणि हळूहळू खाली सोडला. काठाला शून्य. छातीच्या उंचीला शून्य. गुडघ्याएवढ्या उंचीला ८. तळाला टेकवला तर ४० आणि मीटर किंचाळायला लागला. सगळी माणसं वाकून बघत होती. मी दहा वर्षं ट्रेनिंगमध्ये बोललो असतो तरी त्यांना जे पटलं नसतं ते त्या सुतळीनं दोन मिनिटांत पटवलं.

इथं मीटरचं एक सांगतो कारण त्यात फार गफलत होते. ४० दाखवलं म्हणजे हवेत ४० टक्के गॅस नव्हे. पेटायला जेवढा कमीत कमी लागतो त्याच्या ४० टक्के. म्हणजे शंभर झालं की पेटायला तयार. आणि १० च्या वर गेलं की माणूस आत सोडायचा नाही, अमेरिकेतल्या ओशाच्या (तिथली कामगारांच्या सुरक्षेची सरकारी संस्था) नियमात ही १० टक्क्यांची रेघ आहे आणि आम्हीही तीच पाळतो. दुसरं, आधी ऑक्सिजन बघायचा, मग जळणारा गॅस, मग विषारी. ऑक्सिजन साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली नको. क्रम असा का, तर नेहमीच्या डिटेक्टरचा सेन्सर गॅस आतल्या आत जाळून मोजतो, त्याला जाळायला ऑक्सिजनच मिळाला नाही तर तो चुकीचं कमी आकडा दाखवतो आणि तुम्ही शून्य बघून आत उतरता.

कायद्यातही हे सगळं कधीचं आलंय. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टची (२०२५ च्या नोव्हेंबरात त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली) ३६ आणि ३६-ए ही कलमं वाचा, त्यात लिहिलं होतं की टाकी, खड्डा, पाईप, चेंबर अशा जागेतला गॅस काढून टाकल्याशिवाय माणूस आत पाठवायचा नाही, जाणकार माणसानं तपासून लेखी द्यायचं, नाहीतर श्वासाचं उपकरण, पट्टा आणि दोर, आणि दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. हातातला दिवा २४ व्होल्टच्या वर नको, आणि जळणारा गॅस असेल तर दिवा फ्लेमप्रूफच, म्हणजे आतली ठिणगी बाहेरचा गॅस पेटवणार नाही असा, पाहिजे. पंच्याहत्तर वर्षांपेक्षा जुनी ओळ आहे ही. दोराचं दुसरं टोक बाहेरच्या हातात, एवढं जरी पाळलं असतं तर आपल्याकडं ड्रेनेजच्या चेंबरमध्ये एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा असे जीव गेले नसते.

हवा बदलण्याबद्दल आता जरा हिशोबाचं. बाहेर काढायला पंखा बसवला पण आत यायला वाट नाही ठेवली तर पंखा नुसता फिरतो, हवा हलत नाही, जशी बाटली तोंडानं ओढली की थोडं येतं आणि अडकतं. म्हणून यायची वाट आणि जायची वाट समोरासमोर पाहिजे, आणि एलपीजी असेल तर जायची वाट जमिनीलगत. अमेरिकेत एनएफपीए ५८ नावाचा एलपीजीचा कोड आहे, त्यात गॅस साठवायच्या-हाताळायच्या खोलीसाठी जमिनीपासून सहा इंचांच्या आत जाळ्या सांगितल्यात आणि दर एक चौरस फूट फरशीमागं एक चौरस इंच मोकळी जागा. मला हे माप आवडतं कारण गवंड्यालाही कळतं. मेव्हण्याची फरशी १८० चौरस फूट, म्हणजे १८० चौरस इंच, नऊ बाय दहाच्या दोन जाळ्या, तारेची जाळी मारली की मोकळी जागा कमी होते म्हणून आम्ही दहा बाय बाराच्या धरल्या. पंख्यानं करायचं असेल तर दर चौरस फुटाला मिनिटाला एक घनफूट हवा, दहा फूट उंच खोलीत हे तासाला सहा वेळा हवा बदलल्यासारखं होतं.

आणि हवा एकदा बदलली म्हणजे गॅस गेला असं धरू नका. आत येणारी हवा आतल्या गॅसमध्ये मिसळत मिसळत बाहेर जाते, त्यामुळं एका बदलानंतरही तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त गॅस आतच असतो, तीन बदलांनंतर साधारण पाच टक्के उरतो. कोपऱ्यात, पोत्यामागं, टेबलाखाली त्याहून जास्त. म्हणून मी सगळ्यांना अर्धा तास कट्ट्यावर बसवलं होतं.

पंखा कुठला हा पण प्रश्न आहेच. वास आला की माणूस पहिलं काय करतो, एक्झॉस्टचं बटण दाबतो. ते बटण दाबताना आत ठिणगी पडते, साध्या मोटारीतही पडू शकते, आणि त्या मोटारीतनं तुम्ही नेमका तोच गॅस ओढणार. वास आल्यावर विजेचं काहीही चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, हातानं दारं-खिडक्या उघडायच्या, सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, बाहेर येऊन गॅसगळतीच्या १९०६ या नंबरला फोन लावायचा. खड्ड्यात, टाकीत काम असेल तर ब्लोअर बाहेर ठेवून ताजी हवा डक्टनं थेट तळापर्यंत ढकलायची, आणि ब्लोअरचं तोंड जनरेटरच्या धुराकडं नको. एक फार भयंकर गोष्ट मी स्वतः थांबवलीय, टाकीत गुदमरतंय म्हणून वेल्डरनं ऑक्सिजनच्या सिलेंडरची नळी आत सोडायला घेतली होती. ऑक्सिजन वाढला की कापड, केस, ग्रीस सगळं कागदासारखं पेटतं. हवाच द्यायची, ऑक्सिजन कधीही नाही.

हे सगळं ऐकून आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, ते पण जेवायला आले होते, म्हणाले मग आमच्या गोबरगॅसच्या खोलीला पण खालीच भोक पाडतो. म्हणलं तात्या थांबा, तिथं उलटं. गोबरगॅसमध्ये जळणारा भाग मिथेन, तो हवेपेक्षा हलका, जवळपास निम्म्या वजनाचा, एकटा सुटला तर वर छताला जाऊन बसतो, पेटायला ५ ते १५ टक्के लागतो. तुमच्या स्वयंपाकघरात झरोका वर पाहिजे, आढ्याजवळ. पण टाकी उपसायची असेल तेव्हा खाली कार्बन डायऑक्साईड आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाईडही असतो, तेव्हा वरखाली दोन्हीकडं बघायचं. आणि टाकी गॅसनं गच्च भरलेली असते तेव्हा ती आतल्या आत पेटत नाही कारण हवा कमी असते, झाकण काढून हवा घालायला लागलं की मग ती पेटायच्या टप्प्यातनं जाते. म्हणजे सगळ्यात धोक्याची वेळ ती, जेव्हा आपल्याला वाटतंय की आता हवा लागली, आता सेफ झालं. त्या वेळेला बिडी लांब. तात्यांनी मान हलवली, पण मी गावी जाऊन स्वतः बघणार आहे.

हलका गॅससुद्धा कोंडला की काय करतो याचं सगळ्यात वाईट उदाहरण टेक्सासमधलं आहे. १८ मार्च १९३७, न्यू लंडन गावची शाळा. इमारतीच्या फरशीखालच्या पोकळीत नैसर्गिक गॅस साठत गेला, पोकळीला हवेची वाट नव्हती आणि गॅसला वासही नव्हता. लाकूडकामाच्या वर्गातलं मशीन चालू केलं त्याच्या ठिणगीनं पेटला असं मानतात. जवळपास ३०० जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसमध्ये वास घालणं सक्तीचं झालं. आपल्या सिलेंडरला येतो तो वास त्यासाठी मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टनचा आहे, एलपीजीला स्वतःचा असा वास जवळपास नसतोच. आमच्या धाकटीच्या नाकाला जे कळलं ते त्या मुलांना कळायला काही साधनच नव्हतं, हे आठवलं की मला अजून कसंतरी होतं.

परत हॉटेलाकडं येतो. सिलेंडर आत ठेवायचेच नाहीत असं ठरवलं. तळघरात, जमिनीखालच्या खोलीत सिलेंडर चालत नाही, आणि ही खोली पुढच्या अंगानं दोन पायऱ्या खाली म्हणजे मी तरी तिला तळघरच धरतो. मागच्या बोळात जाळीचा पिंजरा, वर पत्रा, खाली फूटभर उंच ओटा, गटारीच्या चेंबरपासून लांब, आणि आत फक्त पाईप. मेव्हणा म्हणाला मग सहा ठेवू, सणाला पुरतील. म्हणलं १९ गुणिले पाच ९५, सहा झाले की ११४, आणि १०० किलोच्या वर साठवायला लायसन लागतं. पाचावर ठरलं, भरलेले-रिकामे धरून.

घरमालक जाळ्या फोडायला तयार नव्हते, पुराची भीती. मग गवंड्यानंच मार्ग काढला, जाळीच्या बाहेरच्या अंगाला लोखंडी खाच बसवायची आणि पावसाळ्यात पुराचा इशारा आला की त्यात फळी सरकवायची, फळी लागली की आतला गॅस बंद, हॉटेल बंद. फळीवर मोठ्या अक्षरात तसं लिहायचं. घुशीसाठी जाड तारेची जाळी. मालक म्हणाले हे चालंल.

काल संध्याकाळी काम झालं. मीटर सगळीकडं फिरवला, फरशीला लावून, मोरीच्या तोंडाशी, फ्रीझरमागं, सगळीकडं शून्य. मग अगरबत्ती लावून जाळीपाशी धरली. डावीकडच्या जाळीत धूर सरळ आडवा होऊन बाहेर गेला, दोऱ्यासारखा. उजवीकडं मात्र जागच्या जागी घुटमळत वर चढत होता. बघतोय तर पिठाची पोती परत तिथंच आणून लावलेली. मावशींनीच लावली होती, जागा नाही म्हणून. पोती उचलली, भिंतीला फूटभर सोडून लाकडी रॅकवर ठेवली आणि परत अगरबत्ती धरली. गेला धूर. मेव्हण्यानं खडूनं फरशीवर जाळीसमोर चौकोन काढला आणि मावशींना म्हणाला, "ह्याच्या आत काय ठेवायचं न्हाई, दाजी येऊन बघणार हायत."

व्हय, बघणार आहे. दर रविवारी.